आतल्या भिंतीवरची काच

दिन्या,

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले, आणि मी तुझी लबाडी पकडली आहे.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायला असं सुरू करत नाहीत, हे मला कळतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर सगळे जमले तेव्हा तुझ्याबद्दल काय एकेक गोड बोलले. सरळमार्गी माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, सरळमार्गी? हा? तेव्हा मला तुझ्याबद्दल एक संशय होता. तो साफ खोटा निघाला. पण तो उकरताना खाली दुसरीच गोष्ट निघाली, आणि ती खरी आहे.

माझा स्वभाव तुला नव्याने काय सांगायचा! परीक्षेच्या कचेरीत एकतीस वर्षं मी नकला पकडल्या. दोन उत्तरपत्रिका एकाच हाताने लिहिल्या आहेत की नाहीत, हे मला कागद उलटा धरूनही कळायचं. ती सवय घरी आली ती कायमची. लग्नासाठी आलेल्या पत्रिकांतही मी खाडाखोड शोधायचो, म्हणून आई आणि मी दोघंच राहिलो. तू म्हणायचास, "शऱ्या, तू आरशात बघितल्यावरही विचारत असशील, हा कोण आणि याला आत कोणी सोडलं?" मी हसायचो नाही. तू हसायचास, आणि माझ्या वाटचंही हसून घ्यायचास.

आपल्या इमारतीचा मात्र संशय यावा असंच तिचं मूळ आहे. नागपूरची राजधानी गेली, नवं राज्य झालं, आणि कचेऱ्यांच्या फायलींबरोबर आपले बाप भोपाळला आले. आधी टी. टी. नगरातली सरकारी क्वार्टरं, मग आठ सरकारी नोकरांनी मिळून सोसायटी केली आणि जवळच हा प्लॉट घेतला. खाली चार घरं, वर चार; आम्ही वर, तुम्ही बरोबर आमच्या खाली. नवं गाव, नवी भाषा, सगळ्यांच्या बायका रडवेल्या. त्यांनी एकच हट्ट धरला की घर तरी नागपूरसारखं हवं. सारखं म्हणजे हुबेहूब. मग सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे माझे बाबा, नागपूरला जाऊन जुन्या वसाहतीचा नकाशाच घेऊन आले. देवघराचा कोनाडा तिथे होता तसा, ओट्याची उंची तिथे होती तशी. तिथे शेजारच्या दोन स्वयंपाकघरांमध्ये एक हातभर खिडकी होती, आमटीची वाटी इकडून तिकडे द्यायला. इथे प्लॉट वेडावाकडा, म्हणून मधे जिना घुसवावा लागला. पण खिडकी कोणी काढू दिली नाही. त्यामुळे आजही जिना चढणारा प्रत्येक माणूस आमच्या फोडणीत डोकावतो. ती खिडकी पुढे माझ्याच उपयोगी पडली. ओट्याशी उभं राहून मला दिसायचं, कोण आलं, कोण गेलं, आणि तू कोणाबरोबर बोलत उभा आहेस.

पुढे तू बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन झालास आणि एकदा तो जुना कापडी नकाशा घरी नेऊन नीट पाहिलास. दुसऱ्या दिवशी आलास तो कपाळाला हात लावून. "यार शऱ्या, ह्या लोकांनी पाया पण नागपूरचाच कॉपी केला." त्या वसाहतीखाली मुरूम होता. इथे खाली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. आपले बाप घराच्या आठवणीत इतके बुडालेले, की जमीन बदलली हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मला तर ही नक्कल पकडायला माझीच नोकरी कमी पडली.

त्यावरून आपण चाळीस वर्षं भांडलो. नकाशा माझ्या बाबांनी आणला, पण खोदकामावर देखरेख तुझ्या अण्णांची. ते ओव्हरसीअर. "अण्णांना काळी माती दिसली नाही का?" असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, "दिसली असेल ना. पण तुझ्या बाबांसमोर बोलायची कोणाची हिंमत होती?" पोह्याच्या प्लेटी संपायच्या, जलेबीचा कागद तेलकट व्हायचा, निकाल लागायचा नाही. साठी उलटल्यावर तू तहाला आलास. "जाऊ दे. अर्धी चूक तुझ्या बापाची, अर्धी माझ्या. भेग दोघांची."

भेग आठ वर्षांपूर्वी दिसली. बाहेरच्या भिंतींना तर दर उन्हाळ्यात तडे जायचेच, पाऊस पडला की मिटायचे. तू म्हणायचास, त्यांच्याकडे बघू नको, माती श्वास घेतेय. पण आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरून गेलेली ती बारीक रेघ पाहून तू स्टूल मागितलंस. दुसऱ्या दिवशी काचेची चार बोटं लांब पट्टी घेऊन आलास. भेगेवर आडवी ठेवलीस, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवलीस आणि काचेवरच खालच्या कडेला पांढऱ्या रंगाने तारीख घातलीस, तुझ्या त्या छापील वाटणाऱ्या तिरप्या अक्षरात. "भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. ही आतली भिंत आहे. हिच्यावर छत आहे. ही काच फुटली तर मात्र उठायचं."

मी आईसमोर शपथ घेतल्यासारखं म्हणालो होतो, "फुटली तर उठू. तोवर ब्रह्मदेव आला तरी नाही." तुम्ही दोघांनी ते ऐकलं. ते वाक्य तुम्ही माझ्याविरुद्ध किती वर्षं वापरलंत, हे मला आत्ता कळतंय.

मग ते बिल्डरचे लोक आले. इमारत पाडून नवी बांधायची, आठही घरांची सही हवी. आणि पहिली सही कोणाची? तुझी. मी खिडकीतून पाहिलं होतं. जिन्यात उभा राहून त्यांच्याच पेनने सहमतिपत्रावर सही केलीस. मी खाली येऊन विचारलं तर म्हणालास, "मी माझ्या घराची केली. तू घाई करू नको." आता सांग, ज्याला पाडायची घाई आहे तो दुसऱ्याला घाई करू नको का म्हणेल? मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. हळूहळू सगळ्यांनी सह्या केल्या. राहिलो मी. आणि माझी सही एका काचेवर अडली होती. काच फुटली की मी उठणार, हे तुला माहीत. काच बघायला महिन्यातून एकदा येणारा माणूसही तूच. मी दोन आणि दोन चार केले. मला वाटलं, तू काच फोडायला येतोस.

म्हणून तू आलास की मी मागे मागे असायचो. स्टुलावर चढलास की मी स्टूल धरायचो, तुझ्या काळजीने नव्हे, हातांवर लक्ष ठेवायला. पण नेमकी त्याच वेळी आईची हाक यायची. "शरद, माझी जपमाळ कुठे पडली बघ रे." "शरद, गच्चीवरचं लुगडं आणतोस का?" आईला दहा वर्षांपासून जवळजवळ दिसत नव्हतं. सगळं घर तिच्या हातांत होतं. पलंगापासून अकरा पावलं, मग चौकट, मग भिंतीला हात लावत उजवीकडे. नव्या फ्लॅटमध्ये हलवलं तर ती बसल्या जागीच संपेल, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. तर मी लुगडं आणायला जायचो, परत यायचो आणि धावत काच बघायचो. शाबूत. प्रत्येक वेळी शाबूत. मला हायसं वाटायचं, आणि थोडं वाईटही, की तुला पकडता आलं नाही.

त्यानंतर तू तो लोखंडी पाइप आणलास. जमिनीपासून थेट दारावरच्या तुळईपर्यंत, वर-खाली लोखंडी पट्ट्या, मधे फिरवायचा स्क्रू. "आईला वळताना धरायला," म्हणालास. मी म्हणालो, स्वयंपाकघराच्या तोंडाशी खांब कोण रोवतं? आई म्हणाली, "असू दे रे, मला आधार होतो." आणि खरंच, ती तो पाइप धरून वळायची. दर महिन्याला तू स्क्रू आवळायचास. "सैल होतो यार, लोखंडच तसलं." मी विचारलंही होतं की म्हातारीच्या हाताने पाइप सैल कसा होतो? तू म्हणालास, "तुझ्या आईच्या हातात अजून जोर आहे. लहानपणी खाल्लेल्या थपडा विसरलास का?"

चार महिन्यांपूर्वी आई गेली. स्वतःच्या पलंगावर, दुपारी, भिंतीवर हात ठेवून. तिला जे हवं होतं ते मिळालं.

आणि तिचा चौदावा झाला त्याच दिवशी तू दारात उभा. "शऱ्या, आता विचार कर. जास्त थांबू नको. आणि एकदा काच बघू दे." माझं डोकं फिरलं. आईची भांडी अजून जागची हलली नव्हती आणि हा सहीचं बोलतोय! मी दाराला आडवा हात लावला आणि म्हणालो, "तुझ्या बिल्डरला जाऊन सांग, काच शाबूत आहे. आणि तू या घरात पाऊल टाकायचं नाहीस." तू म्हणालास, "शाबूत तर असेलच रे." एवढंच. आणि जिना उतरलास. मी खिडकीतून तुला उतरताना पाहिलं. तू मधेच थांबलास, मला वाटलं परत येतोस. आला नाहीस.

त्यानंतर आपण बोललो नाही. तीन महिने. खालून तुझ्या खोकल्याचा आवाज यायचा. एकदा तुझी मुलगी मुक्ता डब्यातून साबुदाण्याची खिचडी देऊन गेली, मी डबा धुऊन परत पाठवला, रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे आठवूनच रिकामा पाठवला. आणि मग एका सकाळी मंदावहिनींची हाक आली, आणि मी चपला न घालता खाली आलो तेव्हा सगळं संपलं होतं. विश्रामघाटावर मी तुला खांदा दिला. लोक म्हणाले, जिवलग मित्र. मी खाली मान घालून चालत होतो. तुझ्यावर रागावून चालत होतो, खरं सांगतो. आता भांडायलाही कोणी उरलं नाही, याचा राग होता.

तेराव्याला मी तुमच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि थबकलो. दाराच्या तोंडाशी लोखंडी पाइप. तसाच. जमिनीपासून छतापर्यंत, पट्ट्या, स्क्रू. मी मंदावहिनींना विचारलं, "हा इथे कशाला? तुमच्याकडे तर सगळ्यांना दिसतं."

"काय माहीत भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, रुमाल वाळत घालायला. मी म्हटलं, रुमालासाठी एवढा मोठा डंडा? पण यांचं तुम्हाला माहीतच आहे, सांगतील तर शपथ."

मुक्ता ताटं पुसत होती. ती म्हणाली, "काका, सिंपल आहे ना. तुमचा पाइप ज्या जमिनीवर उभा आहे, ती म्हणजे आमची छत. वरचा पूरा लोड इथे येणार, तर त्याला खालून पण टेकू पाहिजे. पप्पांनी मापाचा फीता लावून एकदम बरोबर खाली बसवला. मला म्हणाले होते, वरच्यांना बोलायचं नाही."

टेकू. मी पाणी न पिताच वर आलो. आमच्या पाइपवर किल्लीने वाजवून पाहिलं. मोकळा पाइप घुमतो, हा भरल्या पोत्यासारखा आवाज देत होता. आईला आधार देत होता तो, आणि छतालाही. मग स्टूल घेतलं, चष्मा पुसला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा काच सोडून तारीख वाचली.

तारीख आठ वर्षांपूर्वीची. अक्षर मात्र आठ वर्षांपूर्वीचं नाही.

तुझा हात थरथरायला लागला तीन वर्षांपूर्वी, त्या आजारानंतर. चहा बशीत सांडायचा आणि तू म्हणायचास, बशीतूनच प्यायची सवय करतोय. काचेवरची तारीख त्या हाताची होती. आकड्यांचे काठ हललेले, शून्य नीट मिटलेलं नाही. मी एकतीस वर्षं हेच काम केलं रे. मला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती. जुनी काच फुटली होती. तू नवी लावलीस आणि तिच्यावर जुनी तारीख घातलीस. सरळ सरळ बनावट. आणि मी एवढा नकला पकडणारा, शाबूत आहे की नाही तेवढंच बघत राहिलो!

मग बाकीचं एकेक उलगडत गेलं. साधारण त्याच सुमाराला आईच्या बोटाला पट्टी होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, विळी लागली. जिने सहा वर्षं विळीला हात लावला नव्हता! वळताना ती चौकट आणि भिंत चाचपायची; काचेचा निखळलेला तुकडा तिथेच अडकला असणार. फुटलेली काच तिच्याच बोटाला आधी कळली, आणि तिने मला नाही, तुला सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी शब्दाला जागलो असतो, सही केली असती आणि तिला उचलून कुठल्यातरी अनोळखी खोलीत नेलं असतं. म्हणून जपमाळ हरवायची. म्हणून लुगडं गच्चीवर राहायचं. माझी आंधळी आई आणि माझा मित्र, दोघं मिळून माझ्या नाकाखाली हा कारभार करत होते.

मला आधी भयंकर राग आला, दिन्या. तो अजून पुरता गेलेला नाही. छत पडलं असतं तर? तू दर महिन्याला स्क्रू आवळत होतास, तुझ्या बायको-मुलीच्या डोक्यावर तेच ओझं घेऊन राहात होतास, सगळं मान्य. पण मला विचारायचं नाही? आणि मग मलाच उत्तर सुचतं, की विचारून काय झालं असतं? मी पाइपच्या पावतीपासून चौकशी सुरू केली असती. सही तू आधीच करून ठेवलीस, कारण भिंत जिवंत आहे, सरकतेय, हे तुला माहीत होतं. मला घाई करू नको म्हणालास, कारण आई जिवंत होती. आणि ती गेल्यावर दिवस सरताच जिना चढून आलास, सगळं सांगून मला बाहेर काढायला. तो माझा हात होता, दाराला आडवा लावलेला.

आईला तिच्या भिंतीशी मरू दिलंस. यासाठी मी तुझे आभार कसे मानायचे, ते मला येत नाही. जन्मात कधी कोणाचे मानले नाहीत. आज मानतो.

दुसऱ्या दिवशी मी न्यू मार्केटच्या मागच्या दुकानातून काच कापून आणली. तुझी काच अलगद काढून आईच्या देवघरात ठेवली आणि तिच्या जागी नवी चिकटवली. प्लास्टर सगळं ओघळलं, तू असतास तर पोट धरून हसला असतास. तारीख माझ्या अक्षरात घातली, खरी. अकरा दिवस मी रोज बघत होतो. परवा सकाळी बघितलं तर मधोमध तडा. मी हात लावला नव्हता, आणि घरात दुसरं कोणी नाही. पहिल्यांदाच असं झालं, की संशय घ्यायला माणूस सापडला नाही.

सहमतिपत्र समोर ठेवलंय. उद्या सही करून वहिनींकडे देईन, आणि सामान हलेपर्यंत दोन्ही पाइपांना कोणी हात लावणार नाही, एवढं बघेन.

फक्त एक शंका राहिली आहे. तुझा हात थरथरायला लागल्यापासून, सही सोडली तर, तू एक अक्षर मोकळ्या हाताने लिहिलं नाहीस. जिन्यातली पाटी, मीटरांवरचे नंबर, गणपतीतल्या आरत्यांचा तक्ता, सगळं स्टेन्सिल धरून. लाज वाटायची तुला त्या अक्षराची. मग ही एकच तारीख, जी खोटी घालायची होती, जिथे हात लपवणं सगळ्यात जास्त गरजेचं होतं, ती तेवढी मोकळ्या हाताने का? मी खूप विचार केला. ही चूक तुझ्यासारखा ड्राफ्ट्समन करत नाही. तुला सांगायला जमलं नाही, तू राहिलास नाहीस, तरी एक दिवस कोणीतरी स्टुलावर चढून ते अक्षर तपासेल, याची तू सोय करून ठेवली होतीस. आणि या इमारतीत अक्षर तपासणारा माणूस एकच आहे.

माझ्या संशयाने सगळे वैतागले, दिन्या. तू एकट्याने त्याच्यावर भरवसा ठेवलास.

तुला काच बघायची होती ना? फुटली आहे. ये, मी दारातून हात काढलाय.